कात्रजला किती पडला?

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास पावसाचा आवाज वाढला आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला. कात्रजला मावशी राहते, तिला विचारलं, मावशी तिकडे किती आहे? ती म्हणाली, अगं रिपरिप आहे नुसती, झोपा तुम्ही. मग आम्ही झोपलो. २०१९ पासून आमच्या घरात हे असंच चाललंय, इकडे पुण्यात अरण्येश्वरला कितीही कोसळू दे, आम्हाला भीती कात्रजच्या पावसाची वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आमचं घर तळमजल्यावर, मागे कात्रजकडून येणारा आंबील ओढा. पाऊस जोरात होता पण असा पाऊस आम्ही खूप वेळा बघितलेला, त्यामुळे टीव्ही चालू, आईचं जेवण चालू, सगळं नेहमीसारखं. आणि मावशीचा फोन आला, तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. म्हणाली, अगं रस्त्यावरून नदीसारखं पाणी चाललंय, हे सगळं तुमच्याकडेच येणारे, ताईला घेऊन वर जा आधी. खरं सांगते, मला पटलं नव्हतं. पण आईला गुडघ्यांचा त्रास, उगाच रिस्क नको म्हणून तिला धरून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं, कागदपत्रांची पिशवी घेतली, शेजारच्या दोन घरांची दारं वाजवली. अर्ध्या-पाऊण तासाने आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि तो आवाज, दगड घासत नेल्यासारखा, तो अजून पावसाळ्यात कानात येतो. थोडं खाली टांगेवाले कॉलनीत भिंत पडली, तिथे माणसं गेली. त्या एका रात्रीत पुणे आणि आसपास मिळून वीसपेक्षा जास्त जीव गेले.

आम्ही वाचलो कारण आमची मावशी कात्रजला राहते. ज्यांची मावशी वरच्या अंगाला राहत नव्हती त्यांना कुणी फोन केला नाही. मला हे इतक्या वर्षांत पचलेलं नाही, आणि म्हणूनच ही एवढी मोठी पोस्ट लिहितेय.

आपल्या शहरात नदीला पूर येणार असेल तर निदान काहीतरी कळतं. खडकवासला साखळीची चार धरणं आहेत, पाणी सोडण्याआधी किती क्युसेकने सोडणार ते जाहीर होतं, मेसेज फिरतात, भिडे पूल बंद होतो. त्यातही गोंधळ होतात, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पहाटे पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. पण तिथे निदान एक दरवाजा आहे, तो उघडणारा माणूस आहे आणि एक आकडा आहे. ओढ्याला यातलं काहीच नाही. डोंगरावर पडतं, उतारावरून सुटतं आणि तासाभरात वस्तीत येतं. पानशेत धरणफुटीच्या आठवणी आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो, १२ जुलै १९६१ घराघरात पाठ आहे, पण ओढ्याच्या पुराची आठवण फक्त ओढ्याकाठच्यांनाच राहते.

आता थोडं गणित, शाळेतलंच आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरवर तेवढाच पाऊस म्हणजे १० लाख लिटर. समजा वरच्या बाजूला १० चौरस किलोमीटरवर तासाभरात ६० मिलिमीटर पडला, तर ६० कोटी लिटर झाले. थोडं जमिनीत मुरेल, पण कापलेल्या टेकड्या आणि काँक्रीटमध्ये मुरणार किती, बाकीचं सगळं त्या अरुंद केलेल्या ओढ्यातून खाली. कात्रज तलावापासून दांडेकर पुलापर्यंत सात-आठ किलोमीटर. पाणी ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने आलं तरी तासभर मिळतो. अगदी अर्धा तास धरा. अर्ध्या तासात म्हातारं माणूस वरच्या मजल्यावर जातं, लेकरं उचलता येतात, गॅस बंद करता येतो. आम्ही केलंय ते सगळं.

आणि हा अर्धा तास मिळवायला लागतं काय? पर्जन्यमापक. ऑटोमॅटिक असतो त्यात वर नरसाळं, आत सी-सॉसारखी एक छोटी दुहेरी वाटी, ठरावीक पाणी जमलं की ती एका बाजूला कलंडते, दर कलंडण्याला ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर असा हिशोब, आणि तो आकडा सिमकार्डवरून पुढे जातो. जोडीला ओढ्यावरच्या पुलाखाली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर. यात काही चंद्रावर जायचं तंत्रज्ञान नाही.

२०१९ नंतर आम्ही चारपाच जण एका कार्यालयात हेच विचारायला गेलो होतो (नाव घेत नाही, मुद्दा तो नाहीये). तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, शिवाजीनगरचा आकडा येतो ना आमच्याकडे. शिवाजीनगर आणि कात्रजमध्ये सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर अंतर आहे हो! पावसाळ्याच्या शेवटी गडगडाट करत येणारे ढग कधी कधी त्याहून लहान असतात. एका पेठेत रस्ता कोरडा आणि पलीकडच्या पेठेत गुडघाभर, हे प्रत्येक पुणेकराने अनुभवलंय.

याचा सगळ्यात मोठा धडा मुंबईचा आहे. २६ जुलै २००५ ला २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३. त्या दिवशी कुलाब्याच्या आकड्यावर कुर्ल्याच्या माणसाने काय ठरवायचं होतं? पण त्यानंतर मुंबईने एक गोष्ट केली, फायर स्टेशनच्या वगैरे गच्च्यांवर ऑटोमॅटिक पर्जन्यमापक बसवले, दर १५ मिनिटांनी आकडा येईल असे, आणि हळूहळू त्यांची संख्या वाढवत नेली. २०२० मध्ये आयफ्लोज नावाची पूर इशारा यंत्रणा आली ती असल्या आकड्यांच्या जोरावरच. मुंबईत पाणी तुंबायचं थांबलं का, तर अजिबात नाही. पण कुठे किती पडतोय ते कळतं, मिठी नदीची पातळी कळते आणि तिच्या काठच्या क्रांतीनगरच्या लोकांना हलवता येतं. बंगळुरूमध्ये पर्जन्यमापकांचं दाट जाळं आहे, तिथल्या मोठ्या नाल्यांमध्ये पातळीचे सेन्सर बसवलेत, लोकांसाठी मेघसंदेश ॲप आहे. आणि लांब कशाला जायचं, आपल्याच राज्यात महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय २ हजारांवर हवामान केंद्रं बसली, शेतकऱ्याच्या पीक विम्याला उपयोगी पडावीत म्हणून. चांगलंच झालं ते. मग शहरातल्या ओढ्याच्या उगमाशी एक यंत्र का नको?

मला जास्त लागतं ते याचं की हे पुणे आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून त्या इमारतीला आपण आजही सिमला ऑफिस म्हणतो. देशभरातली हवामानाची उपकरणं तपासणारे, दुरुस्त करणारे लोक या शहरात बसतात. पाषाणला उष्णकटिबंधीय हवामान संस्था आहे. पाऊस मोजायची विद्या ज्या गावात राहते त्या गावात मी मावशीला फोन करून पाऊस विचारते.

कुणी म्हणेल रडार आहे, सॅटेलाइट आहे, मोबाइलवर अलर्ट येतात. येतात की! पण अलर्ट येतो पुणे जिल्ह्याला, आणि जिल्ह्यात लोणावळाही आलं आणि इंदापूरही. ऑरेंज अलर्ट आला म्हणून टांगेवाले कॉलनीतल्या बाईने काय करायचं, चार दिवस घर सोडायचं? रडार ढगातलं पाणी वरून बघतं, मधे डोंगर आला की अडतं, आणि त्याचा अंदाज बरोबर आहे का हे ताडून बघायलाही जमिनीवर मापक लागतोच. आजकाल जरा जोरात पडला की सगळे ढगफुटी ढगफुटी करतात, पण ढगफुटी म्हणजे तासाला १०० मिलिमीटरच्या आसपास, आणि जिथे पडला तिथे तासाचा आकडा घेणारं यंत्रच नसेल तर झाली होती की नव्हती हे सांगणार कोण? आणि मग सगळं निसर्गावर ढकलता येतं.

दुसरी भीती मला यंत्र बसवल्यानंतरची आहे. एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर मी स्वतः असं यंत्र बघितलंय, नरसाळ्यात कबुतराच्या काड्या, एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला झाड. ते काय कप्पाळ मोजणार! पान अडकलं की मापक शून्य दाखवतो, आणि शून्य आकडा यंत्र नसण्यापेक्षा वाईट, कारण कंट्रोल रूममधला माणूस निर्धास्त बसतो. म्हणून म्हणते, टेंडरमध्ये यंत्रं किती एवढंच नको, दर आठवड्याला नरसाळं कोण साफ करणार, बॅटरी कोण बदलणार, सिमचा रिचार्ज कोण करणार, ते नावासकट पाहिजे. केंद्राच्या शहरी पूर कार्यक्रमात पुण्याचं नाव आहे, अडीचशे कोटींची रक्कम आहे. त्यातलं भिंती आणि पाइपांना जाईलच, त्याची गरजही आहे, पण मापक आणि त्यांच्या देखभालीचे पैसे वेगळे काढून ठेवा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेऊन पालिकेची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेली, मग मापकांचं जाळंही तेवढंच वाढायला नको का? भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, हे आंबील ओढ्याचं झालं. राम नदीसाठी भूगाव-बावधनच्या वर. भैरोबा नाला, नागझरी, यांचंही तसंच.

आणि आकडा शेवटी वस्तीत पोचला पाहिजे. रात्री अकराला मेसेज कोण वाचतं? भोंगा पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत गणपती मंडळ आहे, स्पीकर आहेत, रात्री दोनला हाक मारली तरी पळत येतील अशी पोरं आहेत, २०१९ ला दोरी बांधून लोकांना बाहेर काढणारी हीच पोरं होती. त्यांना आधीच सांगून ठेवा की वरचा आकडा अमुक झाला की स्पीकरवरून ओरडायचं आणि तळमजले रिकामे करायचे. अमुक म्हणजे किती ते इंजिनिअर लोकांनी ठरवावं, पण ठरवावं.

ओढ्यातली अतिक्रमणं, कापलेल्या टेकड्या, वळवलेले प्रवाह, हे सगळं खरंय आणि त्यावर भांडायलाच हवं. पण ते भांडण वर्षानुवर्षं चालणार, आणि तोपर्यंत दर पावसाळ्यात माणसं ओढ्याकाठी झोपणारच आहेत.

मावशी आता सत्तरीला आली. मी तिला गेल्या पावसाळ्यात साधा, बाटलीचा पर्जन्यमापक आणून दिला, ती रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन मोजते आणि ग्रुपवर आकडा टाकते, एक दिवस चुकवत नाही. पण रात्री मुसळधार पावसात तिला गच्चीवर चढ म्हणून मी सांगू शकत नाही. आम्ही काही जण मिळून वर्गणी काढून दोन ऑटोमॅटिक मापक बसवायचं बघतोय, पालिकेचे येईपर्यंत. भिलारेवाडी किंवा गुजर-निंबाळकरवाडीकडे कुणाची उघडी गच्ची किंवा मोकळं अंगण असेल, आजूबाजूला झाड-टाकी नसेल आणि नरसाळं साफ करायला घरात कुणी तयार असेल, तर मला मेसेज करा. जागा बघायला रविवारी आम्ही येतो.