थकबाकी कसली?
२०२४च्या अमेरिकी निवडणुकीतला ट्रम्प यांचा ‘नाटोचे सदस्य पैसे थकवतात’ (नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांची लष्करी युती) हा मुद्दा नुकत्याच वाचलेल्या एका लेखात जसाच्या तसा उतरवलाय. थकवतात कोणाचे? नाटोच्या २०१४च्या वेल्स परिषदेत ठरलं ते एवढंच, की दहा वर्षांत जीडीपीच्या २ टक्क्यांपर्यंत स्वतःच्याच संरक्षणावरचा खर्च न्यायचा. ती अमेरिकेकडे भरायची वर्गणी नाही. (नाटोचा सामायिक निधी वेगळा, आणि त्यामानाने किरकोळ.) युरोपने वर्षानुवर्षं हात आखडता घेतला हे मात्र खरंच, ही तक्रार ओबामाही करायचे. पण एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा मानणारं नाटो कराराचं कलम ५ आजवर एकदाच लागू झालं, २००१मध्ये, तेही अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. त्यानंतरच्या युद्धात अफगाणिस्तानात एवढ्याशा डेन्मार्कने चाळीसहून अधिक सैनिक गमावले. त्याचा हिशेब प्रचारसभेत कोण मांडतंय!