कचरापेटी पाहून प्रवेश घ्यावा

घरातल्या मुलीने डिझाइन शिकायचे असल्याचे जाहीर केले, की आईबापांच्या मनात पहिला प्रश्न 'पुढे काय करणार?' हा येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. पहिला प्रश्न 'म्हणजे नेमके काय?' हा असतो, आणि तो विचारण्याची हिंमत होत नाही म्हणून माणूस दुसरा विचारतो.

आमच्या कन्येने माझा चेहरा वाचला आणि न विचारताच सविस्तर माहिती दिली. ग्राफिक डिझाइन वेगळे, प्रॉडक्ट डिझाइन वेगळे, टेक्स्टाइल आणि सिरॅमिक आणखी वेगळे, आणि ललित कला तर या सगळ्यांकडे किंचित वरून पाहणारी. काही महाविद्यालये दारातच शाखा निवडायला लावतात, तर काही ठिकाणी फाउंडेशनच्या पहिल्या वर्षात प्रत्येकाला माती, लाकूड, कागद, कापड आणि कॅमेरा यांच्याशी झटापट करावी लागते आणि मगच शाखा ठरते. आमच्या नातेवाईक मंडळींनी या दुसऱ्या प्रकाराला 'वर्ष फुकट घालवणे' असे नाव दिले. आपल्याला काय येत नाही हे कळायला एक वर्ष फार थोडे आहे, असे कन्येचे म्हणणे होते आणि माझ्या वयाचा अनुभव पूर्णपणे तिच्या बाजूचा होता. शाखा आधीच भरायला लावणारे अर्ज त्यामुळे बाजूला पडले आणि ढीग निम्म्याने कमी झाला.

उरलेल्या ढिगात माहितीपत्रके होती. नावावर बोट ठेवून पाहिले, तर एकाचे दुसऱ्यापासून वेगळेपण सांगता येणार नाही, अशी ही सगळी जुळी भावंडे. प्रत्येकात गालावर रंगाचा एकच, अत्यंत सुबक फराटा उमटलेली विद्यार्थिनी चौकटीबाहेरच्या कशाला तरी हसत असते. कोणत्याही छायाचित्रात कोणीही कंटाळलेले नसते, कोणाचेही काही मोडलेले नसते आणि 'सर्जनशीलतेचे पंख' पान उलटताच अंगावर येतात. शेवटी नामवंत माजी विद्यार्थ्यांचे पान. या पानावर माझा आधीपासूनच विश्वास नाही, कारण पॅरिसच्या एकोल दे बोझार या जगप्रसिद्ध कलाशाळेने थोर शिल्पकार ऑगस्त रोदँला एकदा नव्हे, तीनदा प्रवेश नाकारला होता. नाकारलेल्यांचे पान कोणी छापत नाही, एरवी ते अधिक वाचनीय झाले असते.

प्रवेशाच्या अटींवरून मात्र संस्थेचा स्वभाव थोडाफार कळतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही संस्था कित्येक वर्षे अर्जासोबत सायकलचे चित्र मागत असे, असे वाचनात आले आणि आमच्या घरातला प्रत्येक सज्ञान मनुष्य पेन्सिल घेऊन बसला. सायकल आपण सर्वांनी पाहिलेली, चालवलेली, तिच्यावरून पडलेलीही असते. तरीही माझ्या सायकलीची साखळी पुढच्या चाकाला गेली आणि आमच्या धाकट्या बंधूंच्या सायकलीची चौकट अशी निघाली, की तिचे हँडल कोणत्याही दिशेला वळले नसते. 'काका, या सायकलीला फक्त सरळ रस्ता लागेल,' असे कन्या शांतपणे म्हणाली. पाहणे आणि नजरेखालून जाणे यांतला फरक एका चित्रात उघडा पाडणारी ही परीक्षा मला फार आवडली. जिथे नुसते सुबक रेखाटन न मागता स्केचबुकाची पाने, खाडाखोडीसकट, मागतात, तिथले लोक काहीतरी शोधत असावेत, एवढा निष्कर्ष मी त्यातून काढला.

त्यानंतर प्रत्यक्ष भेटी सुरू झाल्या. पहिल्या महाविद्यालयात आमच्या गटाला काचेच्या दालनातून, चकचकीत संगणककक्षातून आणि पदवीप्रदर्शनातून मोठ्या अदबीने फिरवण्यात आले. मी भारावून माना डोलावत असताना कन्या मागच्या मागे गळाली आणि सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये कचरापेटीत डोके घालून उभी असलेली सापडली.

'बाबा, इथे काहीच मोडलेले नाही,' ती हळूच म्हणाली.

मी पाहिले. पेटीत एक कोरा कागद होता. करवतयंत्रावरचे प्लास्टिकचे वेष्टन अजून निघायचे होते आणि भिंतीवर 'परवानगीशिवाय हात लावू नये' अशी पाटी सुरेख अक्षरांत लावलेली होती. चौकशीअंती समजले, की किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर आहेत, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना यंत्रे पाहण्याची पूर्ण मुभा आहे.

दुसऱ्या महाविद्यालयाची इमारत जुनी होती आणि जिन्यात टर्पेंटाइनचा वास होता. तिथली पेटी भरून वाहत होती. तिच्याशेजारच्या फळीवर पुठ्ठ्याच्या खुर्च्यांचे छोटे नमुने मांडलेले होते, बहुतेकांचा एखादा पाय मुडपलेला, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर तो नेमका कुठे आणि का मोडला ते लिहिलेले. भुवयांवर लाकडाचा भुसा बसलेल्या तंत्रसहायकांनी आम्हाला माहिती देण्याऐवजी कन्येलाच विचारले, 'तू शेवटचे काय बिघडवलेस?' तिने इतक्या उत्साहाने उत्तर दिले, की त्यातल्या काही वस्तू आमच्या घरातून का नाहीशा झाल्या होत्या, हे मला तिथे प्रथमच कळले. सुरक्षेचे धडे झाले की पहिल्या वर्षापासून यंत्रावर काम करता येते, भट्टीसाठी मात्र रांग लागते, आणि फी विचारणारे पालक छपाईचा आणि साहित्याचा खर्च विचारायला विसरतात, हेही त्यांनीच सांगितले. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मग तो खर्च विनासंकोच सांगितला. माहितीपत्रकात एवढा मोकळेपणा कोणी छापला नसता.

मोडलेल्या वस्तू जपून ठेवणे ही निव्वळ अव्यवस्था नव्हे, हे मी तेव्हापासून हिरिरीने सांगत असतो. अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेज या कलाशिक्षणासाठी गाजलेल्या संस्थेत १९४८ च्या उन्हाळ्यात रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी विद्यार्थ्यांना घेऊन खिडकीच्या पडद्यांच्या पट्ट्यांचा भला मोठा घुमट उभारायला घेतला. तो उभा राहिलाच नाही, सर्वांच्या देखत जमिनीवर पसरून राहिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच फुलर तिथेच परत आले व घुमट उभा राहिला. अर्थात जुन्या थोर संस्थांच्या नावानेही भाळून जाऊ नये. १९१९ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या बाउहाउस या डिझाइनशाळेने स्त्रियांना दार उघडले खरे, पण आत गेल्यावर बहुतेकींना विणकामाकडे वळवले. तिथल्या विद्यार्थिनी ॲनी अल्बर्स अशाच काहीशा नाइलाजाने मागावर बसल्या आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे एकल प्रदर्शन झाले, हा त्यांचा मोठेपणा आहे, संस्थेचा नव्हे. तेव्हा कोणत्या कार्यशाळा आहेत हे विचारून थांबू नये, त्यांत आपल्याला कधी आणि कसे शिरता येईल हेही विचारावे.

दोन्ही ठिकाणी आम्हाला 'क्रिट'ला, म्हणजे भिंतीवर टांगलेल्या कामाच्या जाहीर पंचनाम्याला, मागे बसू दिले. पहिल्या ठिकाणी सरांनी विद्यार्थ्याची पेन्सिल घेतली आणि त्याच्या पोस्टरवर स्वतःच दुसरे पोस्टर काढून दाखवले. ते उत्तम होते, आणि विद्यार्थी बाजूला उभा राहून आपल्याच कागदाकडे पाहुण्यासारखा पाहत होता. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी पोस्टरला हात लावला नाही. 'हे कोण वाचणार? कुठे उभे राहून? त्याच्या हातात सामान असेल का?' असे विचारत त्या भिंतीपासून मागे मागे सरकत गेल्या आणि पार दारापाशी जाऊन थांबल्या. तिथून अक्षरे दिसत नव्हती. विद्यार्थ्याने कपाळावर हात मारला आणि वर्ग हसला, त्यात तो स्वतःही होता.

निर्णय तिथेच झाला. उरले ते पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, पाठवण्याचे काम, ज्यात माझी भूमिका खुर्चीवर उभे राहून, चित्रावर सावली पडू न देता, पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून धरण्याची होती. फाइल मर्यादेपेक्षा मोठी झाल्याचे संगणकाने सांगितल्यावर कन्येने वगळण्यासाठी सर्वप्रथम ते डोंगरामागच्या सूर्यास्ताचे चित्र निवडले, ज्याची सगळ्या आप्तेष्टांनी आजवर मुक्तकंठाने स्तुती केली आहे. ज्या पानावर तिने सहा प्रकारे फसलेला एकच दिवा काढला आहे, ते मात्र ठेवले. सूर्यास्त वगळल्याची बातमी तिच्या आत्याला सांगण्याची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर आली असून, मी अद्याप योग्य वेळेच्या शोधात आहे.