डेरिकला कुठे बसवायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून भाऊच म्हणतो. आमच्याकडे अनोळखी माणसालाही तसंच म्हणतात.

ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. सेपल्टुरा या ब्राझीलच्या मेटल बँडने मार्च 2024 मध्ये निरोपाचा दौरा सुरू केला. तेव्हापासून जगभरचे चाहते एकच धोशा लावून बसलेत की संपण्याआधी 1996 पर्यंत एकत्र असलेले गायक मॅक्स कॅव्हलेरा, त्याचा ड्रमर भाऊ इगोर कॅव्हलेरा, गिटारवादक आंद्रेयास किसर आणि बासवादक पाउलो ज्युनिअर हे चौघे एकदा तरी एका स्टेजवर आले पाहिजेत. मी लिहिलं की येऊ नयेत, कारण मॅक्स गेल्यापासून डेरिक ग्रीन गातोय. त्यावर तुम्ही लिहिलंत ते असं: "गावात बसून फुकटात यूट्यूबवर गाणी ऐकणाऱ्यांना रियुनियन नकोच असणार, कारण तिकीट काढून जायची ना ऐपत ना इच्छा. आम्ही खरे चाहते आहोत, आम्हाला मूळ सेपल्टुरा बघायचाय. सॅबथने केलं, स्लेअरने केलं, पँटेराने केलं. डेरिक ग्रीन शेवटी बदली माणूस. आणि तुमच्या लेखात संगीत कमी, भावना जास्त."

पहिलं वाक्य घेतो, कारण बाकीची वाक्यं त्याच्याच जोरावर उभी आहेत.

तुम्ही माझी ऐपत काढलीत. वाद सेपल्टुरावर चालला होता, तो तुम्ही माझ्या खिशावर आणून ठेवलात. मी कुठे राहतो हे लेखाखाली लिहिलेलं असतं, नागभीड तालुका, जिल्हा चंद्रपूर. ते वाचून तुम्ही ठरवून टाकलंत की या माणसाने बोलायचं नाही. हेच मत मी पुण्याहून किंवा मुंबईहून मांडलं असतं तर तुम्ही मुद्द्यावर बोलला असता. हे मला लागलं, आणि लागलं हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

फुकटाचं म्हणाल तर ऐका. सेपल्टुरा आमच्या घरात आला तो कॅसेटमधून. मावसभाऊ नागपूरला शिकायला होता. सीताबर्डीवरच्या एका दुकानातून तो कॅसेट भरून घ्यायचा आणि नागपूर-नागभीडच्या छोट्या लाईनने घरी यायचा तेव्हा त्या पिशवीत असायच्या. एका बाजूला सेपल्टुराचा 'केऑस ए.डी.' हा अल्बम, दुसऱ्या बाजूला पुढच्या 'रूट्स'चा जेवढा मावेल तेवढा भाग. रात्री लाईट गेली की टेप सेलवर चालायचा, सेल उतरले की मॅक्सचा आवाज आणखी खाली जायचा. सेलचे पैसे मागितले की घरात बोलणी बसायची. त्या कॅसेटच्या सुरुवातीला गर्भातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके आहेत. ते मॅक्सच्या मुलाचे, झायनचे, हे मला फार नंतर कळलं. तोच झायन आज सोलफ्लाय या मॅक्सच्या नंतरच्या बँडमध्ये बापाच्या मागे बसून ड्रम वाजवतो. तुम्हाला 1996 मध्ये थांबलेलं घड्याळ हवंय, पण ज्याचे ठोके आपण ऐकले ते बाळ कधीच कामाला लागलंय.

'रूट्स'मध्ये ब्राझीलच्या झवांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन केलेलं रेकॉर्डिंग आहे, 'इत्सारी'. शहरातल्या माझ्या मित्रांना ते काहीतरी दूरचं, नवलाचं वाटायचं. मला नाही वाटलं. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, गावोगाव दंडारीचे नाच होतात, रात्रभर ढोल चालतो. बऱ्याच जणांनी मिळून एकाच ठेक्यात पाय आपटले की जमिनीतून जो आवाज येतो तो मी आधीपासून ओळखत होतो. ब्राझीलच्या चार पोरांनी तो गिटारशेजारी आणून ठेवला, त्या दिवसापासून हा बँड माझा आहे. तुमच्या परवानगीने झालेला नाही.

आणि तिकीट. ऑक्टोबर 2011 मध्ये मेटॅलिका भारतात आली. 28 तारखेचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, लोकांनी स्टेजची मोडतोड केली. 30 तारखेला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम झाला. मी उसने पैसे घेऊन, बल्लारशाहून गाडी पकडून गेलो होतो. घरी धान कापणीला आला होता आणि बाबा माझ्याशी बोलत नव्हते. तुम्ही त्या दिवशी कुठे होता हे मी विचारणार नाही. चाहतेपण असं मोजायचं नसतं. पण मोजायला तुम्ही सुरुवात केलीत, म्हणून सांगितलं.

आता डेरिक. त्याच्यावर तुम्ही अर्धी ओळ खर्च केलीत, आणि माझा सगळा लेख त्याच्यासाठीच होता.

माझे मामा खडी गंमतच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, पार्टीत ढोलकी वाजवायचे. पार्टीचा शाहीर पंचक्रोशीत नावाजलेला. हिशेबावरून भांडण झालं आणि तो दुसऱ्या पार्टीत गेला. मामांनी शेजारच्या गावचा एक पोरगा आणला. पहिल्या वर्षी लोक त्याला तोंडावर 'भाड्याचा शाहीर' म्हणायचे. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. शाळेच्या पटांगणात, थंडीत, पन्नास माणसं समोर असली तरी पहाटेपर्यंत गायचा. पार्टी जगली ती त्याच्यामुळे. मग एका मंडईला गावातल्या मोठ्या माणसांना हुक्की आली की एका रात्रीपुरता जुना शाहीर आणायचा. आणला. शिट्ट्या अशा पडल्या की बोलता सोय नाही. नवा पोरगा म्हणाला, "मी बसतो ना खाली, त्यात का होते?" आणि झांज घेऊन ताडपत्रीच्या कडेला बसला.

मी मामांच्या मागेच बसलो होतो. दुसऱ्याच गाण्यात गडबड दिसली. जुना शाहीर जिथे दम घ्यायचा तिथे मामांचा हात आता थांबत नव्हता, कारण इतक्या वर्षांत तो हात नव्या पोराच्या दमावर बसला होता. दर पालुपदाला शाहीर वळून मामांकडे बघायचा, मामा ढोलकीकडे बघायचे. लोकांना काही कळलं नाही, लोक आठवणीतलं गाणं ऐकत होते. पुढच्या वर्षी तो पोरगा आला नाही. जुना शाहीर तर यायचाच नव्हता. पार्टी मोडली.

तुम्ही म्हणाल, गावच्या पार्टीचं सेपल्टुराला काय लावता? लावतो, कारण हिशेब तोच आहे. 16 डिसेंबर 1996 ला लंडनच्या ब्रिक्सटन अकॅडमीत मॅक्स शेवटचा गायला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा सावत्र मुलगा डेना वारला होता. बायको ग्लोरिया बँडची मॅनेजर होती, बाकी तिघांना तिच्यासोबत पुढे काम करायचं नव्हतं. दुःखात बुडालेल्या माणसाला हे ऐकावं लागलं आणि तो निघून गेला. मॅक्सचं चुकलं असं मी कधीही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण नुसता गायक गेला नव्हता, दुसरी गिटारही गेली. मॅक्स गिटारला चारच तारा ठेवायचा, त्या चार तारांवर त्याचा जाड, खरखरीत ठोका असायचा आणि त्यावर आंद्रेयास फिरायचा. तो आधार गेल्यावर आंद्रेयासला दोघांचं काम एकट्याने करावं लागलं. त्याने वाजवण्याची पद्धतच बदलली. त्या बदललेल्या गिटारवर ज्याचा आवाज बसला तो डेरिक. हे संगीत आहे, भाऊ. लेखात संगीत कमी होतं म्हणालात ना, ते हेच होतं, तुम्ही त्यावरून नजर फिरवून पुढे गेलात.

डेरिक अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा. 1997 मध्ये परक्या देशातल्या बँडमध्ये आला. समोर प्रत्येक गावी मॅक्सच्या नावाने ओरडणारी माणसं. 1998 च्या 'अगेन्स्ट'पासून 2020 च्या 'क्वाड्रा'पर्यंत त्याच्या आवाजात नऊ अल्बम आले. मॅक्सच्या आवाजात सहा आहेत. 2006 मध्ये इगोरही गेला, तरी डेरिक होता. 2022 मध्ये आंद्रेयासची बायको वारली, तेव्हाही बँडमध्ये डेरिक होता. निरोपाचा दौरा काढायचं ठरलं तेव्हा दारात उभं राहून गाणारा तोच. आणि शेवटच्या रात्री तुम्ही म्हणता, आता तू जरा बाजूला हो, खरे लोक आलेत.

तुमचे ते मूळ चौघे सुरुवातीपासून नव्हते, हेही जाता जाता सांगतो. 1984 मध्ये बेलो होरिझोन्तेत बँड उभा राहिला तेव्हा वाग्नर लामुनिये गायचा. तो गेल्यावर मॅक्सने गाणं घेतलं. आंद्रेयास तर 1987 मध्ये आला, आधीचा गिटारवादक झायरोच्या जागी. तुम्ही ज्याला मूळ म्हणता त्यातले दोन जण दुसऱ्याच्या जागेवर उभे राहिलेले आहेत. त्यांना तुम्ही बदली माणूस म्हणत नाही.

ब्लॅक सॅबथचं मान्य करतो. 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर गायक ओझी, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड एकत्र आले ते योग्यच झालं. ओझी सिंहासनावर बसून गायला आणि 22 जुलैला वारला. तो कार्यक्रम मी मोबाईलवर बघितला, हो, गावात बसूनच, आणि बिल वॉर्डला ड्रमवर बघून मला भरून आलं. पण सॅबथ 2017 मध्येच थांबला होता. त्या रात्रीसाठी कुणा चालत्या गायकाला खाली बसवावं लागलं नाही. उलट, ज्याला आधीच्या निरोपाच्या दौऱ्यात बाहेर ठेवलं होतं त्या बिलला जागा मिळाली. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं.

पँटेरात गिटारवादक डाइमबॅग आणि ड्रमर विनी पॉल दोघेही हयात नाहीत. त्याला रियुनियन म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. स्लेअरने 2019 मध्ये निरोप घेतला आणि 2024 मध्ये परत आले, ते त्यांचं ते बघतील.

आणि जुनी गाणी जुन्या हातांनीच ऐकायची असतील तर ती ऐकायला मिळतातच. मॅक्स आणि इगोर 2016 मध्ये अख्खा 'रूट्स' घेऊन फिरले. 2023 मध्ये त्यांनी सेपल्टुराची पहिली रेकॉर्डिंग पुन्हा केली, मग 'स्किझोफ्रेनिया' हा अल्बमही केला. दोघे भाऊ एकत्र आहेत, वाजवतायत, खूश दिसतात. तिकडे डेरिक, आंद्रेयास, पाउलो आपलं काम करतात. दोन घरं नीट चालली आहेत. त्यांना एका रात्रीसाठी एका छताखाली कोंबायचं कशासाठी, तर मोबाईलवर व्हिडिओ काढता यावा म्हणून? हे जरा कडक झालं, पण मागे घेत नाही.

भावनेबद्दल काय बोलू. तुमच्या प्रतिक्रियेत "आम्हाला बघायचंय" यापलीकडे एकही कारण नाही. बघायची इच्छा हीसुद्धा भावनाच आहे, आणि मी तिला कमी लेखत नाही. उद्या ते चौघे आलेच तर मीही बघेन, डोळ्यात पाणी येईल हेही मला माहीत आहे. पण म्हणून माझं मत बदलत नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर माझं गाव, माझा खिसा सोडा. एवढंच सांगा की ते चौघे स्टेजवर उभे असताना डेरिक ग्रीनने कुठे बसायचं. याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मी तुमची प्रतिक्रिया लेखाच्या वर लावतो, खाली नाही.