महाशीर, डीएनए आणि भोयांची नजर: एका कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली आणि दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. तुमचं म्हणणं असं की आमचे भोई पिढ्यानपिढ्या नुसत्या नजरेने मासा ओळखत आलेत, त्यांना कधी लॅब लागली नाही, हे डीएनएवाले उगाच एका माशाचे दोन करून पेपर छापतात, आणि नदीत महाशीर (आपल्या नद्यांतला मोठा मासा) वाढला म्हणजे झालं, नाव काहीही असो.

भोयांच्या नजरेवरून आपलं भांडण नाहीच. १८३९ मध्ये साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महाशीर शास्त्रात नोंदवला तेव्हा त्याने नावसुद्धा इथल्याच लोकांच्या तोंडचं घेतलं, खुद्री, आणि आजही त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्रीच आहे. पण 'नाव काहीही असो' हे मला अजिबात पटत नाही, कारण त्याच पायी कावेरीतला एक मासा जवळपास हातचा गेलाय.

कावेरीत एक वशिंडवाला, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला, महाशीर होता. अवाढव्य मासा, १९४६ मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत गळाला लागलेला एक १२० पौंडांचा होता म्हणजे जवळजवळ ५४ किलो! सगळे गळवाले त्याला ओळखायचे पण त्याला धड शास्त्रीय नावच नव्हतं. इकडे लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीची पैदास सुरू झाली (ते काम मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही) आणि त्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) ठिकठिकाणच्या नद्यांत सोडली, कावेरीतसुद्धा. महाशीर तो महाशीर, असंच सगळे धरून चालले. पुढे १९९८ ते २०१२ मधल्या गळवाल्यांच्या नोंदी तपासल्या तर मासे मिळायचं प्रमाण वाढलेलं, म्हणजे वरवर सगळं छान, पण सरासरी वजन घसरलेलं, आणि नीट बघितलं तर वाढत होता तो बाहेरून आणलेला खुद्री, वशिंडवाला संपत चालला होता. आकडा वाढतोय आणि मासा मरतोय, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

आता 'एकाचे दोन' बद्दल. इथे नेमकं उलटं झालंय. २००७ मध्ये कावेरी खोऱ्यातल्याच, केरळच्या पांबार नदीतून टॉर रेमादेवी नावाची जात नोंदवली होती, पण ती लहान लहान माशांवरून, त्यामुळे हेच पोर मोठं होऊन तो वशिंडवाला राक्षस होतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच खोऱ्यातल्या मोयार नदीत वशिंडवाले मोठे मासे मिळाले, त्यांची मापं घेतली, डीएनए जुळवला आणि २०१८ मध्ये कळलं की दोन्ही एकच. नवीन नाव एकही छापलं नाही, आधीचंच लावलं. आणि नाव मिळालं म्हणूनच तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत क्रिटिकली एन्डेंजर्ड (नामशेष व्हायच्या अगदी उंबरठ्यावर) म्हणून येऊ शकला, त्याआधी संरक्षण मागायचं तरी कोणत्या नावाने?

तुमची एक शंका मात्र रास्त आहे, डीएनएही चुकवतो. बारकोडिंगमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखताना, साधारण ६५० अक्षरांचा जो तुकडा वाचतात तो मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा), म्हणजे फक्त आईकडून आलेला, त्यामुळे संकर झालेला मासा असेल तर बाप कोण ते त्यात दिसतच नाही. शिवाय ज्याच्याशी जुळवायचं त्या डेटाबेसमधल्या नोंदीवरच चुकीचं नाव असेल तर आपलंही उत्तर चुकीचं. म्हणून पेशीच्या केंद्रकातली, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेली, जनुकं बघावी लागतात, मूळ जिथून जात नोंदवली तिथलाच मासा लागतो, आणि हो, बघणारी नजरही लागतेच.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्याकडचे भोई दोन प्रकारची खडशी (महाशीरचंच इथलं नाव) वेगळी सांगतात. खरं सांगू, सगळ्या कमेंटमध्ये मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुढच्या वेळी दोन्ही मिळाल्या की त्यांना विचारून बाजूने स्वच्छ फोटो काढा, पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा, मासा परत सोडून द्या, आणि कोणत्या डोहातला, कोणत्या तारखेचा आणि भोई त्याला काय म्हणतात ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्याच बाटलीत टाका.