गुगल असताना मेंटॉर कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार, उत्तर जरा लांबलंय. मी लिहिलं होतं की आयटीतल्या पहिल्या तीन-चार वर्षांत चांगला मेंटॉर, म्हणजे शेजारी बसून कामातून शिकवणारा अनुभवी माणूस, मिळणं हे पॅकेजपेक्षा महत्त्वाचं असतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मेंटॉरिंग हे एचआरचं फॅड आहे, तुमची बॅच स्टॅक ओव्हरफ्लो (प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट) आणि यूट्यूबवरून टक्केटोणपे खात शिकली, आता तर एआय हाताशी आहे, आणि कंपन्यांमध्ये ज्याला मेंटॉरिंग म्हणतात ती बहुतेक वेळा चमचेगिरीच असते. शिवाय सीनियरचा तास बिलेबल असतो, म्हणजे क्लायंटला त्याचं बिल लागतं, तो फुकट कोण देणार हाही तुमचा सवाल.

चमचेगिरीचं नंतर बोलू, कारण तिथे तुमचं बरंचसं पटतं.

आधी माहितीचा मुद्दा. सिंटॅक्स म्हणजे भाषेचं व्याकरण, एखादं फ्रेमवर्क, डॉकरसारखं टूल कसं चालतं, हे शिकायला माणूस लागत नाही, शंभर टक्के मान्य. पण आपण नोकरीत बहुतेक वेळ करतो काय? दहा-बारा वर्षं जुनी सिस्टिम, पाच टीम बदलून गेलेल्या, डॉक्युमेंट २०१६ चं, आणि त्यात रोज काहीतरी बदलायचं. तिथली अर्धी माहिती कुठेही लिहिलेली नसते, ती माणसांच्या डोक्यात असते.

आमच्याकडचंच सांगते. बिलिंगची सिस्टिम, महिनाअखेर, आणि डुप्लिकेट इन्व्हॉइस उडवायचं तिकीट एका नवीन मुलीकडे आलं. लातूरकडची, हुशार, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, तिची तिने लिहिली, एआयकडून तपासूनही घेतली, आणि क्वेरीत खरंच काही चूक नव्हती. आमची एक सीनियर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "रन नको करूस अजून. हाच व्हेअर ठेव आणि आधी नुसता सिलेक्ट काउंट मार." म्हणजे अट तीच, पण काही न उडवता त्यात किती नोंदी बसतात ते नुसतं मोजायचं. तिकिटात चाळीसेक इन्व्हॉइसचा विषय होता, काउंट आला काही हजार! कारण जुन्या सिस्टिममधून डेटा आणताना वेगवेगळ्या ब्रँचचे नंबर एकमेकांसारखेच राहिले होते, ते डुप्लिकेट नव्हतेच, आणि हे फक्त त्या वेळी मायग्रेशन केलेल्या लोकांना माहीत. मग सीनियरने ब्रँचची अट घालायला लावली, काउंट जुळला, आणि पुढे म्हणाली, "आता ट्रान्झॅक्शन उघड, डिलीट मार, किती रो गेल्या ते मोठ्याने वाच. आणि कमिटच्या आधी कीबोर्डवरून हात काढून सर्व्हरचं नाव वाच." कमिट मारलं की बदल कायमचा होतो, तोवर मागे फिरता येतं.

सर्व्हरचं नाव कशाला, असं त्या मुलीने विचारलं. तर तिला तिथल्या तिथे गिटलॅबचा, म्हणजे लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा, किस्सा ऐकायला मिळाला. ३१ जानेवारी २०१७, रात्री उशिरा एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली, लक्षात येऊन थांबवेपर्यंत साधारण ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची चालू प्रत ठेवण्याच्या) मिळून पाच सोयी होत्या, ऐन वेळी एकही धड कामाची निघाली नाही, शेवटी सहाएक तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होता म्हणून निभावलं. गिटलॅबने हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, त्यामुळे हे वाचायला मिळतं, तुम्ही म्हणाल तसं नेटवर आहेच. पण कमिट मारायच्या क्षणी ते आठवून देणारं कुणीतरी शेजारी होतं म्हणून त्या मुलीच्या ते अंगात भिनलं. आता ती स्वतः दुसऱ्यांना सर्व्हरचं नाव वाचायला लावते.

आणि हे मी एकटीच म्हणत नाहीये. कंपायलरच्या (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामच्या) विषयात बीएनएफ, म्हणजे प्रोग्रामिंग भाषेचं व्याकरण मांडायची पद्धत, शिकल्याचं आठवत असेल, त्यातला एन म्हणजे पीटर नाउर, डेन्मार्कचे, कॉम्प्युटर क्षेत्रातलं मानाचं ट्युरिंग अवॉर्ड २००५ साली मिळालेले. त्यांनी १९८५ साली एका लेखात एक उदाहरण दिलंय. एका गटाने कंपायलर बनवला, दुसऱ्या गटाला तो थोड्या वाढीव भाषेसाठी, वेगळ्या मशीनवर न्यायचा होता. दुसऱ्या गटाला सगळं दिलं, सोर्स कोड, भरपूर डॉक्युमेंटेशन, वर पहिल्या गटाचा सल्ला. तरी दुसऱ्या गटाने मोठ्या बदलांसाठी जे उपाय सुचवले त्यातल्या कितीतरी ठिकाणी मूळ रचनेत असलेली सोय त्यांना दिसलीच नव्हती, ते वरून ठिगळं लावत होते. पहिल्या गटाला ते बघताक्षणी कळायचं आणि ते रचनेत बसणारा साधा उपाय सांगायचे. पुढे पहिल्या गटाचा हात सुटला, काही वर्षांनी बघितलं तर मूळ रचना आत होती पण भाराभर जोडकामाखाली निकामी झालेली. नाउर म्हणतात की प्रोग्रामची खरी समज कागदावर पूर्ण उतरत नाही, ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्याबरोबर काम करूनच नव्या माणसाला ती घ्यावी लागते. यात एचआर कुठेच नाही बघा, आणि तेव्हा वर्ल्ड वाइड वेबसुद्धा नव्हतं.

एआयबद्दल. मी रोज वापरते, नवीन पोरांनी वापरू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तुम्हीच लिहिलंय की तुमच्या टीममधली पोरं तयार कोड घेऊन येतात आणि रिव्ह्यूत "हे इथे का?" विचारलं की गप्प बसतात. हेच तर मला म्हणायचंय! आधी पोरगं अडलं की उठून विचारायला यायचं, त्यातून सीनियरला कळायचं की याचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय. आता ते विचारतच नाही, उत्तर मिळून जातं, आणि त्याला काय कळलेलं नाही हे कुणालाच समजत नाही, थेट प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला, समजतं. म्हणून आता शेजारी बसणं जास्त लागतंय असं मला मनापासून वाटतं.

टक्केटोणपे खाऊन शिकलो म्हणालात, त्याचा मला आदर आहे, पण ते टोणपे दर वेळी आपल्यालाच बसतात का हो? ऑन-कॉलवाला, म्हणजे सिस्टिम बिघडली की धावायची पाळी ज्याची तो, रात्री तीनला उठतो, क्लायंटचा डेटा जातो, आणि आत्मविश्वास खचलेली कितीतरी पोरं गुपचूप टेस्टिंग किंवा सपोर्टला निघून जातात, कोडिंग आपल्याला जमणारं नाही असं समजून. यात मराठी मीडियममधून आलेली खूप असतात, विषय येत असतो पण कॉलवर इंग्रजीत तोंड उघडायची भीड चेपलेली नसते. अशा पोराला कॉलच्या आधी दहा मिनिटं कुणी सांगितलं की नुसतं "चालत नाहीये" म्हणू नकोस, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि लॉगमध्ये काय दिसतंय एवढी तीन वाक्यं लिहून घे, तर पुढच्या महिन्यात ते पोरगं एकटं कॉल घेतं. हे व्हिडिओ बघून होत नाही.

आता चमचेगिरी. पटतं. आज जे मेंटॉरिंग मिळतं ते कुणाला मिळतं? जो लीडबरोबर टपरीवर चहा-सिगरेटला जातो त्याला, एकाच कॉलेजवाल्याला, एकाच गावच्याला. सातची कॅब पकडणाऱ्या मुलीला ते मिळत नाही, घरून काम करणाऱ्याला तर नाहीच. एचआर एक्सेलमध्ये जोड्या लावतं, तिमाहीला फॉर्म भरतात, लिंक्डइनवर फोटो टाकतात, दोघं भेटलेलेही नसतात. याची चीड मलाही आहे. पण म्हणून मेंटॉरिंगच नको कसं म्हणायचं? ते उजेडात आणायला हवं. गुगल समर ऑफ कोड बघा, नवख्यांनी मेंटॉरच्या हाताखाली ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो) काम करायचा हा कार्यक्रम, २००५ पासून चालू आहे, दर वर्षी आपल्याकडची कितीतरी इंजिनियरिंगची मुलं त्यात असतात, मेंटॉर दुसऱ्या देशातला, कधी न भेटलेला, आणि कोडवरच्या कॉमेंट बहुतेक सगळ्यांसमोर. वशिला लावायला फारसा वावच नाही.

आणि बिलेबल तासाचं म्हणाल तर खरं दुखणं तेच आहे. टाइमशीटमध्ये हे तास दाखवायला कोडच नसतो. नवीन माणूस आला की लीड कागदावर टीम एकाने वाढली म्हणून दाखवतो आणि सीनियरचं काम तसूभरही कमी करत नाही, मग ती बिचारी शिकवणार कधी, रात्री घरी जाऊन? आमच्या टीममध्ये भांडून भांडून एवढंच करून घेतलंय की नवीन माणूस असताना सीनियरच्या स्प्रिंटमध्ये (ठरावीक दिवसांच्या कामाच्या टप्प्यात) कमी काम धरायचं आणि ऑन-कॉलला नवीन माणसाने आधी नुसतं मागे बसून बघायचं, मग त्याने चालवायचं आणि सीनियरने मागे बसायचं. क्लायंटला एस्टिमेटमध्ये स्पष्ट दाखवलं, सुरुवातीला कुरकुर झाली, नंतर चाललं. प्रत्येक ठिकाणी चालेल असं नाही, फिक्स्ड बिडच्या, म्हणजे आधीच एकरकमी किंमत ठरलेल्या, प्रोजेक्टला अवघडच आहे.

तुमच्या टीमची ती पोरं हुशार आहेत असं तुम्हीच म्हणालात. त्यातल्या एकाला पुढच्या रिलीजच्या रात्री शेजारी बसवा, कमांड त्याला टाइप करू द्या आणि प्रत्येक एंटरच्या आधी आता काय होईल ते त्याच्याकडून बोलून घ्या. काय अनुभव आला ते नक्की लिहा, वेगळा आला तरी लिहा.