फारकत सोपी, हिशेब अवघड

इंग्लंडमध्ये वकिलाशिवाय घटस्फोट मिळतो, यावरून अमळनेरकडच्या आमच्या नातेवाइकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, इतकं सोपं केलं तर संसार टिकतील कसे? दुसरा म्हणतो, हेच आपल्याकडे आणा, तारखांसाठी कोर्टाच्या खेपा तरी वाचतील. लेस्टरमध्ये राहणाऱ्या मला दुसऱ्याचं पटतं, पण अर्धंच.

६ एप्रिल २०२२ पासून इथे जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागत नाही. लग्नाला वर्ष झालं की ऑनलाइन अर्ज भरता येतो, एकट्याने किंवा दोघांनी मिळून. मग २० आठवडे थांबायचं, पहिला आदेश झाला की आणखी ६, मग अंतिम आदेश मागायचा. सकाळी भांडण आणि संध्याकाळी फारकत, असं इथेही होत नाही. बाईला घरातली मारहाण चव्हाट्यावर मांडावी लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र त्या अंतिम आदेशाने फक्त लग्न संपतं. घर, पेन्शन, कर्ज यांचे दावे उघडेच राहतात, त्यांच्यासाठी कोर्टाचा वेगळा आदेश घ्यावा लागतो. नवऱ्याच्या पेन्शनीत वाटा मागता येतो हेच कित्येक जणींना माहीत नसतं. फॉर्म स्वतः भरा. पैशाच्या वाटणीला वकील हवाच.

माझी खरी काळजी खानदेशातल्या लेकींची आहे. नवरा इथून अर्ज करतो, इंग्रजी कागद चोपड्याला, शहाद्याला येतात आणि घरचे म्हणतात, सही करून टाक, बला टळेल. घाई करू नका! हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशात मिळालेला घटस्फोट, दुसऱ्या बाजूची संमती नसेल तर, भारतात सहसा मानला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह राव खटल्यात १९९१ साली हे स्पष्ट केलं आहे. म्हणून तिच्या सहीला किंमत आहे. पोटगी, स्त्रीधन, मुलं यांचं ठरल्याशिवाय ती देऊ नये. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा.

दोघं राजी असतील तर मात्र आपल्याकडेही कोर्टात मराठी फॉर्म मिळावा आणि तो नवराबायकोला स्वतः भरता यावा. कुटुंब न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, असं १९८४ चा कायदाच म्हणतो. मग फॉर्म द्यायला अडचण कसली?