उचलला की गेला

आमचा लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे, म्हणजे माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरी उलटलेली. टेबलावर असला की दिवसभर मुकाट्यानं काम करतो. उचलला की जातो. आचका नाही, उचकी नाही, 'सेव्ह करायचं का' असं विचारणंसुद्धा नाही. पडदा काळा, पंखा गप्प.

परभणीत राहत असल्यामुळे पहिला संशय उन्हावर घेतला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती काढून म्हणतो, पण मे महिन्यात पारा ४३ ला टेकला की जर्मनीची आठवण कुणाला होत नाही. मागची जाळी उघडून पंख्यावर फुंकर मारली. ज्वारी पेरता येईल एवढी माती निघाली. मग लॅपटॉपला कूलरसमोर बसवलं आणि आम्ही कोपऱ्यात घाम पुसत बसलो. गडी चार तास चालला. कपाटावर ठेवावा म्हणून उचलला आणि गेला. ऊन निर्दोष सुटलं.

मग विंडोजची नोंदवही उघडली. जितक्या वेळा गेला तितक्या वेळा एकच ओळ: 'कर्नेल-पॉवर ४१'. मला वाटलं, आता गुन्हेगार सापडला. नीट वाचलं तर अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. मयत इसम मरण पावल्यानं मयत झाला, असा पंचनामा.

रॅम काढून तिच्या सोनेरी कडांवर पोराचं खोडरबर घासलं. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. बॅटरी तर कधीच वारली होती; चार्जर काढल्यावर ती दोन मिनिटंही तग धरत नव्हती, आता तर तेवढंही नाही. तिला काढून ठेवलं तरी फरक शून्य. शेवटी चार्जरच्या पिनेकडे वळलो. डावीकडे दाबली, चालू. उजवीकडे दाबली, चालू. वायर सोडून दिली, तिच्या वजनानं पिन किंचित खाली झुकली, आणि अंधार!

बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं टॉर्च मारून पाहिलं. "सर, आतलं जॅकचं सोल्डरिंग सुटलंय. उचललं की वायरीचं वजन पिनेवर येतंय, १९ व्होल्ट क्षणभर तुटतेत. बॅटरी जिवंत असती तर तुम्हाला कळलंबी नसतं."

"मग करा की डाग."

"करतो की. पण बोर्ड जुना हाय, तापवल्यावर टिकल का नाही सांगता येत नाही. त्यापेक्षा तुम्ही ह्याला हलवूच नका."

अकरा वर्षांच्या संसारात मला मिळालेला हा सर्वांत स्वस्त सल्ला. फी मागितली नाही, मीही आग्रह केला नाही.

तेव्हापासून घरात लॅपटॉपची बाळंतीण झाली. टेबलाला धक्का लावायचा नाही, जवळून पळायचं नाही. पाहुणे आले की चहा आत.

पण परवा शाळेची माहिती ऑनलाइन भरायची होती. 'तातडीनं', नेहमीप्रमाणे. मी शिक्षक असल्यामुळे शिकवणं सोडून बाकी सगळं तातडीचं असतं. आणि नेटवर्क फक्त गच्चीवर. स्वयंपाकघरातल्या बोर्डापासून दोन एक्स्टेन्शन जोडून वरात निघाली. मी लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांत, पोरगा मागे वायर धरून. तिसऱ्या पायरीवर गेला. पुन्हा चालू केला, पाचव्या पायरीवर गेला. तिसऱ्यांदा तर मी पायरी चढलोच नव्हतो, नुसता श्वास घेतला होता.

बायको भाकरी टाकता टाकता बघत होती. तिचं माहेर जिंतूर तालुक्यात, डोंगराकडं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याचं मी एकदा कौतुक करत होतो, तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्या गावाला रेल्वे नव्हती. आम्हीच रेल्वे."

हात पुसून आली. "असं धरत असतेत का?" म्हणाली. लॅपटॉप कळशीसारखा कमरेवर घेतला. चार्जरचा डबा पदरात. पिनेजवळची वायर पोहऱ्याच्या दोरासारखी मनगटाला एक वेढा देऊन धरली, ना ताणलेली ना लोंबणारी. आणि निघाली. सतरा पायऱ्या. खांद्याच्या वर काही हललं नाही, जे हललं ते गुडघ्यांत. मी मागून पडद्याकडे बघत चढत होतो. उजेड होता.

गच्चीवर पाटावर ठेवला. माहिती भरली, हिरवी खूण आली. मी कृतज्ञतेनं वळलो, तर ती जिन्याच्या तोंडाशी पोचली होती.

"तव्यावर भाकर हाय माझी," ती म्हणाली. "खाली तुम्हीच आणा."